नऊ वॅट

माणेवाड्यातल्या आमच्या घराच्या मीटरवर
एक तांबडा ठिपका लुकलुकतो.
बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट.
मी त्यावर सेन्सर चिकटवला,
वरून काळी टेप, तीन पदरी,
कारण मे महिन्यात इथलं ऊन
जिन्याखालीही शिरतं
आणि स्वतःलाच मोजून घेतं.

बाबा खुर्ची टाकून बघत बसले.
एकतीस वर्षं दारोदार मीटर वाचलेला माणूस.
"काहून बे, त्याच्या डोयावर पट्टी बांधली?"
म्हटलं, आता ते फक्त मला सांगेल.

तार फ्रिजवरच्या डबीएवढ्या कॉम्प्युटरला गेली,
तिथून आलेख मोबाइलवर,
आणि घर मला असं पहिल्यांदाच दिसलं:
पहाटेच्या मोटरचा सुळका,
मिक्सरचे दात,
दम घेत घेत चालणारी इस्त्री,
मग दुपारभर कूलरचं पठार,
त्यावर पंपाचा पातळ थर.
वाळ्याच्या वासाला आकडा नव्हता.

बाबांनी डायरी काढली.
स्वतःच्याच घराचं रीडिंग, दर पाच तारखेला,
निळ्या शाईत, एकही महिना न चुकता.
एक चुकलाय. आई गेली तो.
आम्ही ताळा केला.
माझ्या सेन्सरच्या आणि त्यांच्या डोळ्यांच्या मोजणीत
महिन्याला दोन युनिटांचा फरक.
"तुह्या टेपीतून ऊन शिरते."
खरंच शिरत होतं.

मग मी नियम लिहायला घेतले.
टाकी भरली की मोटर बंद.
खोली अठ्ठावीसच्या खाली गेली की कूलर बंद
(हा नियम अजून नोकरीवर रुजूच झालेला नाही).
अकरानंतर कुणी हलत नसेल तर दिवे बंद,
जिन्यातला धरून.

तरी रोज रात्री दोन-सव्वादोनला
आलेखात एक पायरी चढायची. नऊ वॅट.
फार नाही. मीटरवर एकटे नऊ वॅट असते
तर ठिपका दोन मिनिटांत एकदा लुकलुकला असता.
पण मला कळत नव्हते म्हणून ते नऊ वॅट
कूलरपेक्षा मोठे झाले.
मी चार्जर उपटले. सेट-टॉप बॉक्स उपटला.
शेवटी नियमच कडक केला:
रात्री काहीही लागलं तरी एका मिनिटात विझव.

चौथ्या रात्री जिन्यात डबा गडगडला.
स्टीलचा, रिकामा, आवाजावरून.
बाहेर आलो तर बाबा टॉर्च धरून उभे
आणि वरच्या खोलीतल्या मेश्राम सिस्टर,
मेडिकलची ड्युटी करून आलेल्या,
वाकून झाकण शोधताहेत.
मला कुणी काही म्हणालं नाही.
बाबा एवढंच: "बल्ब गेला वाटते."

दुसऱ्या दिवशी मी नवा नियम लिहिला.
दोनला दिवा लाव.
वर पंख्याचे साठ वॅट चढले, म्हणजे सिस्टर पोचल्या,
की विझव.
चोख चालला. तीन रात्री मी जागून पाहिला.
आणि तिन्ही रात्री बाबा उठून बाहेर आले,
लागलेल्या दिव्याखाली उभे राहिले,
बटणाकडे पाहिलं,
हात लुंगीला पुसला
आणि आत जाऊन पडले. झोपले नसावेत,
कारण त्यांच्या खोलीतला पंखा
एकावरून चारावर, चारावरून दोनावर,
सगळं येत होतं आलेखात.

नियम काढून टाकला.
आता ती पायरी कधी दोन वाजून सातला चढते,
कधी एकोणीसला,
एकदा तर अडीचला: बाबांचा डोळा लागला असेल,
किंवा सिस्टरांना ऑटो मिळाला नसेल.
मी अंथरुणातूनच बघतो.
नऊ. मग साठ. मग नऊ उतरतात.

पाच तारखेला बाबा खुर्ची घेऊन मीटरपाशी गेले.
चष्मा वर केला, आकडा लिहिला, पान माझ्यापुढे धरलं.
फरक किती, मी विचारलं.
"दोनच. टेप बदल."